दहावीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण वाचवा

बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. जूनमध्ये शाळा उघडली, पुस्तकांना कव्हरं घालून झाली की हेच शिकवायला घेतलं जातं. सफाळ्याचं, केळव्याचं, वाढीवचं किंवा बोईसरच्या कामगार वस्तीतलं पंधरा वर्षांचं मूल त्यात वाचतं की कण्याच्या टोकाचं माकडहाड आणि पोटातलं आंत्रपुच्छ ही आपल्या फार जुन्या पूर्वजांची अंगात राहून गेलेली निशाणी आहे. त्याआधी पाचवीच्या ‘परिसर अभ्यास, भाग २’मध्ये ‘उत्क्रांती’ आणि ‘मानवाची वाटचाल’ हे धडे येतात. माणूस कुठून आला या प्रश्नाला आपल्या राज्याच्या शाळेने मन लावून दिलेली उत्तरं म्हणजे मुख्यतः ही दोन ठिकाणं.

ही दोन्ही पुस्तकं आता नव्याने लिहिली जाणार आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने एप्रिल २०२५ मध्ये जे वेळापत्रक जाहीर केलं, त्यात पाचवीचं नवं पुस्तक २०२७-२८ मध्ये आणि दहावीचं २०२८-२९ मध्ये येणार असं होतं. सरकारी तारखा आहेत, मागेपुढे सरकतील. पण पुस्तकं बदलणार हे नक्की, आणि ती करताना एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आधार घेऊन त्यात राज्यापुरते बदल करायचे असं धोरण आहे. माझी धास्ती इथूनच सुरू होते.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही असंच एक प्रकरण होतं. कोरोनाच्या काळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून त्यातला उत्क्रांतीचा भाग बाजूला ठेवला गेला. तेव्हा कोणी फारसं बोललं नाही. शाळाच बंद होत्या. मग २०२३ मध्ये ही तात्पुरती काटछाट कायमची झाली. प्रकरणाचं नाव ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ होतं, ते नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. जीवाश्म गेले, जातींची निर्मिती गेली, मानवाची उत्क्रांती गेली. त्या एप्रिलमध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पत्रावर देशातल्या १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी, शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमींनी सह्या केल्या. त्यावर उत्तर मिळालं की बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे.

बारावीच्या जीवशास्त्रात! पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या कोणत्याही माणसाला या उत्तराचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्याकडे दहावी हेच अनेकांचं शेवटचं सामाईक वर्ष. त्यानंतर कोणी आयटीआयला जातो, कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागतो, कोणी होडीवर, कोणी वीटभट्टीवर. कॉलेजात गेलेल्यांतले बरेच कला-वाणिज्याला जातात, आणि विज्ञानाला गेलेल्यांतलेही कित्येक जीवशास्त्र सोडून गणित धरतात. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतून दहावी झालेल्या मुलींपैकी बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गापर्यंत किती पोचतात, हे तिथल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. दहावीतून काढलेला धडा बारावीत आहे म्हणणं म्हणजे या बहुसंख्य मुलांना तो नाकारणंच आहे. वैतरणेच्या दोन पुलांच्या मधल्या वाढीव बेटावरची माणसं वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून, गाडीचा कानोसा घेत चालत आली. त्या गावच्या पोरांनीही शाळेसाठी तीच वाट धरली. शाळेत पोचण्यासाठी एवढं करणाऱ्या पोरांना आपण कापलेलं विज्ञान हातात देणार आहोत का?

एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रातून हा धडा जाणार असं कोणी जाहीर केलेलं नाही. उलट दिल्लीने कापला तेव्हा आपल्या बालभारतीने तो ठेवला, आणि त्याबद्दल आपण तिची पाठ थोपटायला हवी होती. ती थोपटली नाही, हीच तर अडचण आहे. धडा आहे तोवर कोणी त्याचं कौतुक करत नाही, आणि पुस्तक छापून हातात आल्यावर ओरडून काही उपयोग नसतो. धडा जातो तो वर्तमानपत्रात गाजावाजा होऊन जात नाही. पानं कमी करायच्या बैठकीत, कोणाचाच विरोध नाही असं पाहून जातो.

आणि या धड्यालाच विरोध करणारे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादच्या एका संमेलनात म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं लिहिलेलं नाही, तेव्हा हे शाळा-कॉलेजांतून बदलायला हवं. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. खून होताना पाहणारा साक्षीदार नसला तरी रक्ताचे डाग, बोटांचे ठसे आणि डीएनए यांवरून गुन्हा सिद्ध होतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून तेव्हा निवेदन काढलं आणि केंद्रातले त्यांचेच ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळायला सांगितलं. प्रकरण तिथे मिटल्यासारखं वाटलं. पाच वर्षांनी धडाच गेला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण पहिली घटना घडली तेव्हा आपण हसलो आणि दुसरी घडली तेव्हा मोबाइल पाहत होतो, एवढं खरं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा धडा एवढा महत्त्वाचा का? कारण तो आपल्या वैतरणेच्या खोऱ्यात डोळ्यांसमोर उघडा पडलेला आहे. शिकवायला आफ्रिकेत जावं लागत नाही.

जीवदानीच्या पायऱ्यांवर किंवा तुंगारेश्वरच्या वाटेवर प्रसादाची पिशवी हिसकावणारं लाल तोंडाचं माकड सगळ्यांनी पाहिलं आहे. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर वेगळा. मुलांना हा फरक आजी-आजोबांकडूनच माहीत असतो. पण त्या माकडाचा हात नीट पाहिला आहे का? पाच बोटं, नखं चपटी, अंगठा वेगळा फिरणारा, तळव्यावर रेषा आणि बोटांच्या टोकांवर ठसे. कुत्र्यामांजरांना नख्या असतात, माकडाला आणि आपल्याला नखं. त्याचे दोन्ही डोळे आपल्यासारखेच समोर पाहतात, म्हणून त्याला फांदीचं अंतर कळतं. त्याला पिकलेलं फळ हिरव्या पानांत लाल दिसतं. बैलाला दिसत नाही, कुत्र्याला दिसत नाही. (लाल कापड पाहून बैल उधळतो हे सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात घातलेलं आहे.) लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही वेगळे ओळखणारे डोळे माकड, वानर, चिंपांझी आणि माणूस यांना मिळाले ते एकाच वारशातून.

याहून पक्का पुरावा दिसत नाही, तो रक्तात आहे. शेळीला आवळा खावा लागत नाही. तिचं शरीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवतं. कुत्रा बनवतो, उंदीर बनवतो. माणूस बनवू शकत नाही, म्हणून पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणारे खलाशी हिरड्यांतून रक्त येऊन मरायचे. आता गंमत अशी की हे जीवनसत्त्व बनवण्यासाठी लागणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. अवशेष उरले आहेत, काम बंद आहे. तेच जनुक माकडात आणि वानरातही मोडलेलं आहे. दक्षिण सह्याद्रीत रात्री फिरणारा लोरिस हाही आपल्याच प्राइमेट गणातला, पण दूरच्या शाखेतला. त्याच्यात मात्र ते शाबूत आहे. म्हणजे लोरिसची वाट वेगळी झाल्यानंतर, आणि माकड, वानर व माणूस यांच्या वाटा वेगळ्या होण्याआधी, कोणा एका सामाईक पूर्वजात ते बिघडलं. झाडावर फळं भरपूर होती, म्हणून तो बिघाड कोणाला जाणवला नाही आणि पुढच्या सगळ्या वंशात उतरला. एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने चुकलेल्या दोन उत्तरपत्रिका हातात आल्या तर तपासणारा शिक्षक काय समजतो? ती नक्कल योगायोगाने होत नाही.

चिंपांझीच्या पेशीत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या असतात, आपल्या तेवीस. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तेव्हा मधोमध दोन टोकं सांधल्याची खूण सापडली. पूर्वजांमधली दोन वेगळी गुणसूत्रं जुळून आपलं एक झालं होतं. आणि शेपूट? ते का गेलं, याचा एक महत्त्वाचा धागा २०२४ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेपटीच्या वाढीशी संबंधित एका जनुकात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी डीएनएचा एक छोटा तुकडा घुसला. तो बिनशेपटीच्या कपींमध्ये आणि माणसात आहे, माकडांत नाही. डार्विन १८८२ मध्ये गेला. त्याला जनुक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्याने हाडं, चोची आणि कबुतरं पाहून जे सांगितलं, ते तपासायला पूर्णपणे वेगळी साधनं वापरली गेली आणि उत्तर तेच आलं. विज्ञानात याहून मोठी परीक्षा नसते.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं, त्यांनी आपल्या दंडावरचं लसीचं इंजेक्शन आठवावं. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची चाचणी माणसांवर मोठ्या प्रमाणावर करण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ती वीस ऱ्हिसस माकडांवर केली. टाळेबंदीत माकडं मिळेनात, वस्त्यांत खायला न मिळाल्याने ती रानात आत निघून गेली होती. वन विभागाच्या मदतीने शोध घेत अखेर ती नागपूर परिसरात मिळाली. शेळ्या गल्लोगल्ली मिळत असताना शास्त्रज्ञ माकडांच्या मागे रानोरान का हिंडले? कारण माकडाचं शरीर विषाणूशी ज्या पद्धतीने लढतं, ती आपल्या पद्धतीच्या फार जवळ आहे, आणि ती जवळ आहे याचं कारण नातं. उत्क्रांती खोटी असती तर त्या वीस माकडांचा काही उपयोग नव्हता. तुम्ही लस घेतलीत तेव्हा हा धडा मान्य केलात, मग तो पुस्तकात असो वा नसो.

आता जरा उत्तरेकडे पाहू. गुजरात आपल्याला परका नाही. डहाणू-तलासरीची निम्मी सोयरीक तिकडे. सुरतच्या पुढे मांगरोळ तालुक्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. कोळसा काढताना तिथल्या मातीत साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या प्राण्यांची हाडं आणि दात सापडले. अशोक साहनी, राजेंद्र राणा, किशोर कुमार हे आपले शास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर केनेथ रोझ, थिएरी स्मिथ हे परदेशी, यांनी वर्षानुवर्षं तिथे चाळण्या लावून माती चाळली. २०१६ मध्ये त्यांनी हातापायांच्या पंचवीस हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुठीत मावतील एवढे ते जीव झाडांवर राहणारे आदिम प्राइमेट होते, आणि लेमूर-लोरिसची शाखा व माकड-मानवाची शाखा वेगळ्या झाल्या त्या फाट्याच्या इतके जवळचे होते की ते नेमके कोणत्या बाजूचे हे ठरवताना तज्ज्ञांनाही कस लागतो. तेव्हा भारताचा भूखंड नुकताच आशियाला येऊन भिडत होता, हिमालय उभा राहायचा होता. आपल्या वैतरणेतला काळा खडक मात्र त्याही आधीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वैतरणा स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या जेवणाला माणूस वस्तानला पोचेल, इतकी ही जागा जवळ आहे. धडा राहावा ही माझी पहिली मागणी; नव्या पुस्तकात वस्तानचं नाव यायला हवं, ही दुसरी.

रोज चर्चगेटकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर कांदिवली लागतं. १९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तिथल्या नाल्यांच्या काठच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारं शोधली आणि १९३९ मध्ये त्यावर निबंध छापला. आज तिथे टॉवर आहेत. नर्मदेच्या काठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. भारतातल्या आदिमानवाचा हा सर्वांत मोलाचा अवशेष. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथे शांती पप्पू यांच्या गटाला पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. हे सगळं आपल्या जमिनीतलं आहे. तरीही उत्क्रांती म्हणजे विलायती कल्पना, असं सांगणारे भेटतातच.

‘माकडापासून माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, आणि शिक्षकांच्या खोलीतही येतो. उत्तर सोपं आहे. आजचं माकड आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. तुमचा चुलत भाऊ कधी तुम्ही होतो का? तुमचा आणि त्याचा पणजोबा एक होता, एवढंच. माकड-वानरांचा आणि आपला तो सामाईक पणजोबा अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा, चिंपांझीचा आणि आपला साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. माकड अडकून पडलेलं नाही, तेही तितकीच वर्षं बदलत आलं आहे, त्याच्या झाडाला आणि त्याच्या पोटाला सोयीचं होत.

हा गैरसमज घट्ट बसण्यात आपल्या पुस्तकांचाही हात आहे, हे मान्य करायला हवं. वाकलेलं माकड, मग अर्धं उभं, मग भाला घेतलेला केसाळ, मग ताठ उभा गोरा माणूस अशी ओळीने चालणारी आकृत्यांची रांग भिंतीवरच्या तक्त्यांत अजूनही दिसते. मुलाच्या मनात त्यातून शिडी तयार होते, झाड तयार होत नाही. दहावीच्या धड्यात रामापिथिकसला मानवसदृश पहिला प्राणी म्हणून मान दिला गेला. १९३० च्या दशकात हे मत मांडलं गेलं, १९८० च्या दशकात ते मागे पडलं. आज रामापिथिकसची गणना शिवापिथिकसमध्ये होते आणि त्याचं नातं ओरांगउटानशी लावलं जातं. चाळीस वर्षं जुनी चूक मुलांनी पाठ करायची आणि तिला गुणही मिळवायचे, हे बरं नाही. तेव्हा धडा वाचवा म्हणताना मी तो जसाच्या तसा गोठवा असं म्हणत नाही. तो दुरुस्त करून वाचवा.

आणि त्या शिडीच्या चित्राने आपल्या भागात विशेष नुकसान केलं आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कातकरी समाजाची एक श्रद्धा नोंदली आहे: आपण रामाच्या वानरसेनेचे वंशज. साहेबाने ती नोंदताना आणि नंतरच्या सुशिक्षितांनी ती वाचताना जे हसू दाबलं असेल, ते हसू अजून गेलेलं नाही. वारली, कातकरी, महादेव कोळी मुलांना ‘मागासलेले’, ‘रानटी’, ‘अजून तिथेच राहिलेले’ असं कोणी म्हणतं, तेव्हा त्याच्या डोक्यात तीच शिडी असते आणि तो स्वतःला वरच्या पायरीवर समजत असतो. खरी उत्क्रांती ही पायरीच काढून घेते. जगातला प्रत्येक माणूस, डहाणूचा वारली, पार्ल्याचा ब्राह्मण आणि लंडनचा साहेब, एकाच जातीचा, आफ्रिकेतून निघालेल्या एकाच कुळाचा. वानरांशी नातं सांगणारे कातकरी याबाबतीत आपणा सर्वांपेक्षा सत्याच्या जवळ होते, फक्त ते नातं सगळ्यांनाच लागू आहे.

इथे इरावती कर्व्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२७ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते, पुढे नाझींचे लाडके. गोऱ्यांच्या कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या घडणीच्या असतात, हे मोजमापाने दाखवावं अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काहीही संबंध नाही असा निष्कर्ष लिहून दिला. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. आपल्याला ‘युगान्त’च्या इरावतीबाई माहीत आहेत; कवट्या मोजणाऱ्या, आणि मोजून खरं तेच सांगणाऱ्या इरावतीबाई दहावीच्या मुलींना माहीत व्हायला हव्यात. चौकटीत चार ओळी पुरतील.

धर्माला धक्का बसेल ही भीती अनेकांना प्रामाणिकपणे वाटते, तिची टर उडवू नये. पण १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं टिळकांचं ‘गीतारहस्य’ उघडून पाहा. मंडालेच्या तुरुंगात लिहिताना लोकमान्यांनी सांख्यांच्या सृष्टिक्रमाशेजारी डार्विन आणि हेकेल यांची मतं मांडून त्यांची तुलना केली आहे. पटो न पटो, आधी समजून घ्यायचं आणि मग वाद घालायचा, ही त्यांची रीत. टिळकांची गीता ज्या विचाराने डळमळली नाही, तो पंधरा वर्षांच्या मुलांपासून झाकून ठेवायचा? शनिवारी मारुतीला तेल घालून सोमवारी वर्गात उत्क्रांती शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. घटनेच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टी जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेलं आहे. ते शाळेत नाही जोपासायचं तर कुठे?

या जिल्ह्याला असं काही मागण्याचा अधिकारही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं चारणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. बिया, शिंपले, पानं, माती हीच त्यांची शैक्षणिक साधनं. परिसरातून शिकवायचं म्हणजे काय हे उभ्या महाराष्ट्राला या डहाणू तालुक्याने दाखवलं. मग उत्क्रांती शिकवताना आपण कोसबाड विसरायचं का? खाडीच्या चिखलात ओहोटीला निवटी उड्या मारताना दिसतात. मासा आहे, कल्ले आहेत, पण पुढच्या परांवर रेलून चिखलावर चालतो, पाण्याबाहेर तासन्‌तास राहतो. आपले आदिम पूर्वज निवटी नव्हते. पण पाण्यातला जीव जमिनीवर कसा आला असेल, हा प्रश्न पाचवीतल्या मुलाच्या डोक्यात पेटवायला वैतरणेच्या खाडीइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. ती निवटी ते मूल घरी कालवणात खातं; वर्गात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आता कामाचं बोलू.

शिक्षकांनो, पहिली विनंती तुम्हाला. हे प्रकरण ‘घरी वाचून या’ म्हणून उरकू नका. पुस्तकात राहूनही वर्गातून गेलेला धडा वाचवता येत नाही. त्याचं बळ सिद्ध करायचं असेल तर तो शिकवा, मुलांना तुंगारेश्वरला न्या, माकडाला खायला न देता त्याचा हात पाहायला लावा. पालघर, वसई, डहाणू, विक्रमगड या तालुक्यांच्या विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत एक ठराव करा: पाचवी आणि दहावीच्या नव्या पुस्तकांत मानवी उत्क्रांतीचा धडा राहावा, तो सर्वांसाठी अनिवार्य असावा, आणि तो आजच्या ज्ञानाला धरून असावा. ठराव लेखी करा. तोंडी नाराजी फायलीत लागत नाही.

पालकांनो, तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तुमचे प्रतिनिधी असतात. पुढच्या सभेत हा विषय मांडा. गणवेश आणि पोषण आहार यांच्याबरोबर पुस्तकात काय छापलं जातं हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मुलगा डॉक्टर व्हावा असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा: जंतू औषधांना का दाद देत नाहीत, दरवर्षी फ्लूची लस का बदलते, हे उत्क्रांतीशिवाय समजत नाही.

आणि लिहून काय होतं असं म्हणणाऱ्यांसाठी ताजी गोष्ट. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासननिर्णय या महाराष्ट्राच्या रेट्यापुढे जून २०२५ च्या अखेरीस सरकारला मागे घ्यावे लागले. ज्या राज्याने भाषेसाठी एवढी एकजूट दाखवली, त्याला विज्ञानाच्या एका प्रकरणासाठी पोस्टकार्ड लिहिणं जड नाही.

पत्रं दोन ठिकाणी पाठवायची आहेत. एक, महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे बालभारती, सेनापती बापट मार्ग, पुणे. दुसरं, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, कुमठेकर मार्ग, पुणे. एक प्रत आमदारांना. फार लांबलचक लिहू नका. दहावीचं पहिलं प्रकरण हवं, पाचवीचा धडा हवा, दोन्ही दुरुस्त करून हवेत, वस्तान आणि इरावतीबाई त्यात हव्यात, एवढं पुरे. खाली शाळेचं किंवा गावाचं नाव आणि सह्या. दहावीच्या मुलांनाही सह्या करू द्या. पुस्तक त्यांच्या धाकट्या भावंडांचं आहे. आणि हे नव्या पुस्तकांचे मसुदे पक्के होण्याआधी, या शैक्षणिक वर्षात करा.